म्युनिक ते लिस्बन: तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी करू नका

आई पहिल्यांदा म्युनिकला माझ्याकडे आली तेव्हा आम्ही दोघी लिस्बनला गेलो. तिकिटावर होतं: सकाळी १० ला सुटणार, दुपारी १२.१५ ला पोहोचणार. मी तिला सांगितलं, सव्वादोन तासांचाच प्रवास, उतरल्यावर निवांत जेवू. आईला मधुमेह आहे. तीन तास होत आले तरी आम्ही हवेतच, आणि तिचे हात थरथरायला लागले. शेजारच्या बाईंनी संत्र्याचा रस दिला तेव्हा तिला हुशारी आली.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. लिस्बन म्युनिकच्या एक तास मागे आहे. उन्हाळी वेळ दोन्हीकडे एकाच क्षणी बदलते, म्हणून हा फरक बारा महिने तेवढाच राहतो. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा: लिस्बनचे १२.१५ म्हणजे म्युनिकचे १.१५. खरा प्रवास सव्वातीन तासांचा.

अंतरावरूनही ताळा करून बघा. फोनवरचा नकाशा आधी रस्त्याचं अंतर दाखवतो, इथे ते सुमारे २,५०० किमी आहे. ते सोडा. नकाशावर म्युनिकचा विमानतळ बोटाने दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि रेघ लिस्बनच्या विमानतळापर्यंत न्या. साधारण १,९८५ किमी येतील. आईला मी सांगते, मुंबईहून गुवाहाटी जवळपास एवढीच लांब. या आकड्याला ८०० ने, म्हणजे विमानाच्या ताशी सरासरी वेगाने, भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. तीन तास झाले. पश्चिमेकडे जाताना वरचा वारा बहुतेक वेळा समोरून येतो, त्याचा पाव तास धरा. परतताना तोच वारा पाठीशी असतो, त्यामुळे थोडं लवकर पोहोचता.

पण आईच्या गोळ्यांसाठी मला घरापासून घरापर्यंतचा वेळ लागतो. म्युनिकचा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे. मध्यवर्ती स्टेशनावरून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, साधारण ४० मिनिटं घेते, म्हणून १० च्या विमानासाठी आम्ही ७ ला निघतो. लिस्बनचा विमानतळ मात्र शहरातच आहे. तिथून मेट्रोची लाल लाइन धरायची आणि जुन्या भागात जायचं असेल तर आलामेडा स्टेशनावर हिरवी घ्यायची. सामान मिळून मुक्कामी पोहोचेपर्यंत तिथल्या घड्याळात दीड वाजतो, म्हणजे आईच्या पोटाच्या घड्याळात अडीच.

आता आईचं घड्याळ उतरेपर्यंत म्युनिकच्याच वेळेवर असतं. साडेबाराला, विमानातच, ती गोळी घेते आणि दशमी-चटणी खाते. चटणी कोरडीच न्या, दही नको: तपासणीत १०० मिलीच्या वरचं पातळ काढून घेऊ शकतात.