इंग्रजीतले जवळजवळचे शब्द: मेल पाठवण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांमधून, परदेशी जाणाऱ्या मालाबरोबर रोज शेकडो मेलही जातात. त्यांतले बरेच माझ्या नजरेखालून गेले आहेत. व्याकरण ठीक असतं, स्पेलिंग ठीक असतं, तरी समोरचा भलताच अर्थ घेऊन बसतो. चूक शब्दाच्या निवडीत असते, त्यामुळे स्पेलचेकला ती सापडत नाही.

कारण बहुतेक वेळा एकच. मराठीत एका शब्दात मावणारी गोष्ट इंग्रजीनं दोन-तीन शब्दांत वाटून टाकलेली असते. शाळेत 'शब्द' आणि 'अर्थ' अशा दोन रकान्यांची वही भरताना आपण त्यातला एकच शब्द उचलतो आणि जन्मभर सगळीकडे तोच वापरतो.

दोष कुणाचा आणि दोष कशात

सगळ्यात महागात पडणारी जागा ही. गिऱ्हाइकाकडून रिजेक्शनचा मेल आला की आपण घाईनं उत्तर लिहितो. 'कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) दोष आहे' आणि 'दोष आमचा आहे', दोन्हीकडे मराठीत 'दोष' चालतो. इंग्रजीत वस्तूत असतो तो डिफेक्ट. माणसाच्या हातून होते ती मिस्टेक. मोजमापात, आकडेमोडीत निघतो तो एरर. फॉल्ट मात्र दोन्हीकडे चालतो. 'देअर इज अ फॉल्ट इन द मशीन' म्हणजे मशीनमध्ये बिघाड आहे, एवढंच. 'इट इज अवर फॉल्ट' म्हणजे सरळ कबुलीजबाब.

समजा, दोन कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे गॅस अडकून झालेल्या पोकळ्या, निघाले. वाळूत ओल जास्त राहिली, की साच्यातून गॅस बाहेर पडायला वाट मिळाली नाही, याची तपासणी अजून चालू आहे. अशा वेळी 'वी हॅव फाउंड अ डिफेक्ट इन टू कास्टिंग्ज अँड वी आर चेकिंग द कॉज' एवढंच लिहावं. 'इट्स अवर फॉल्ट' लिहून बसलात तर तपासणीत काहीही निघालं तरी भरपाईचं बोलणं त्या वाक्यापासून सुरू होतं. चूक आपली असेल तर फॉल्ट जरूर लिहा, मोकळेपणानं लिहा. पण समजून-उमजून लिहा.

'पर्यंत'चा घोटाळा

'शुक्रवारपर्यंत सॅम्पल पाठवतो' याचं आपल्याकडे हमखास 'वी विल सेंड द सॅम्पल्स टिल फ्रायडे' होतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक शुक्रवार येईपर्यंत रोज सॅम्पल पाठवत राहणार. इथे हवा 'बाय फ्रायडे'.

ओळखायचं कसं? काम त्या वेळेपर्यंत चालू राहणार असेल तर टिल. त्या वेळेच्या आत एकदाच उरकणार असेल तर बाय. ऑफिस सहापर्यंत उघडं असतं, तिथे टिल. माल सहापर्यंत ट्रान्सपोर्टला पोचेल, तिथे बाय. आता नकारार्थी वाक्य बघा: 'वी विल नॉट डिस्पॅच टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडल्याशिवाय माल हलणार नाही. 'वी विल नॉट डिस्पॅच बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारच्या आत काही जमत नाही. डिलिव्हरीची तारीख लिहिताना हा एक शब्द दोनदा वाचा. मी तर म्हणेन, मोठ्यानं वाचा.

'वेळेवर'चंही तसंच. ऑन टाइम म्हणजे ठरल्या घटकेला. इन टाइम म्हणजे फार उशीर होण्याआधी, हाताशी थोडा वेळ राखून. महालक्ष्मी एक्स्प्रेस ऑन टाइम सुटते, आपण ती गाठायला इन टाइम पोचतो.

'डाउट' जपून वापरा

क्लासमध्ये 'सर, एक डाउट आहे' म्हटलं की सगळ्यांना कळतं, आणि भारतात ते चालतंही. पण 'वी हॅव अ डाउट अबाउट युवर ड्रॉइंग' असं बाहेर लिहिलं की तिकडच्या इंजिनिअरला वाटतं, यांना आपल्या ड्रॉइंगवर भरवसा नाही. तिथे डाउट म्हणजे खात्री न वाटणं, विश्वास डळमळणं. आपल्याला विचारायचं असतं फक्त एवढंच, की हा टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) कुठल्या बाजूनं धरायचा. मग 'वी हॅव अ क्वेश्चन' लिहावं. सरळ, स्वच्छ, आणि कुणालाही न टोचणारं.

पैशाच्या शब्दांत दोन गोष्टी सांभाळा. प्राइस म्हणजे आपण मागतो तो भाव. कॉस्ट म्हणजे खर्च. कोटेशनमध्ये 'अवर कॉस्ट' लिहिलंत तर वाचणारा तो तुमचा उत्पादन खर्च समजू शकतो आणि त्यावरचा नफा किती हे हिशेबाला घेऊन बसतो. दुसरी गोष्ट चीप. तिकिटाला चीप म्हटलं तर बिघडत नाही, पण हातानं शिवलेल्या कोल्हापुरी चपलेच्या जाहिरातीत चीप लिहू नका. त्यातून कमी भावाबरोबर कमी दर्जाही ध्वनित होतो. अफोर्डेबल किंवा रीझनेबल लिहा. कारागिराच्या मेहनतीला चीप म्हणणं मला मनापासून खटकतं.

सेफ्टी आणि सिक्युरिटी, दोन्ही आपली 'सुरक्षा'च. अपघातापासून राखते ती सेफ्टी, चोरापासून किंवा घातपातापासून राखते ती सिक्युरिटी. म्हणून हेल्मेट आणि बूट सेफ्टीचे, गेटवरचा माणूस सिक्युरिटीचा.

पाहुणे आले की

बाहेरदेशीचा पाहुणा जेवायला बसला, वाटीत तांबडा रस्सा आला. तो विचारतो, 'इज इट हॉट?' आपण वाटीला हात लावून हौसेनं सांगतो, 'येस येस, व्हेरी हॉट, जस्ट नाऊ मेड!' त्याला विचारायचं होतं तिखटाबद्दल. हॉटमध्ये गरम आणि तिखट दोन्ही येतं, म्हणून 'चिली-हॉट' असं खुलासेवार सांगितलेलं बरं. स्पायसी हल्ली तिखटालाही म्हणतात, पण मुळात ते मसालेदार. पांढऱ्या रश्श्यात खडा मसाला असतो, तो स्पायसी खरा, पण तांबड्यासारखा हॉट नव्हे. पाहुण्याला हा फरक आधी सांगा, जेवण सुखाचं होईल.

'सोमवारी आठवण कर' याला 'रिमेंबर मी ऑन मंडे' म्हणू नका. आठवण करून देणं म्हणजे रिमाइंड, आपल्या मनात आठवण असणं म्हणजे रिमेंबर, आणि एखाद्याची आठवण येऊन जीव व्याकुळ होणं म्हणजे मिस. रंकाळा तलावाच्या काठाला झाडाखाली बसायचं ते शेडमध्ये. शॅडो म्हणजे आपली किंवा झाडाची जमिनीवर पडलेली आकृती.

पाहुण्याला शहर दाखवताना 'ऐतिहासिक' तर पावलोपावली येतं. ज्यानं इतिहासाला वळण दिलं ते हिस्टॉरिक. ज्याचा इतिहासाशी संबंध आहे ते हिस्टॉरिकल. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तो निर्णय हिस्टॉरिक. त्याच काळातली घोड्यांच्या चाऱ्याची एखादी साधी पावती सापडली तर ती हिस्टॉरिकल, कितीही किरकोळ असली तरी. शाहू महाराजांच्या कामाबद्दल लिहिताना हिस्टॉरिकल लिहिलं तर वाक्य चुकत नाही, पण त्यांचं मोठेपण त्यातून निसटतं.

जड शब्दांचा मोह

सारखे वाटणारे इतके शब्द इंग्रजीत आले कुठून? १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि जुन्या इंग्रजीवर फ्रेंचचा थर चढला, पुढे लॅटिनचाही. म्हणून 'विकत घेणं' या अर्थाचा बाय घरगुती आणि परचेस दरबारी, हेल्प जवळचं आणि असिस्ट लांबचं. मराठीतही असे थर आहेतच. शेजाऱ्याला आपण 'जरा मदत कर' म्हणतो, 'साहाय्य कर' म्हणत नाही. तरीही इंग्रजी लिहायला बसलो की आपण कमेन्स, परचेस, रिसाइड असे शब्द ओढून आणतो, जड शब्दानं वजन येतं असं वाटतं म्हणून. स्टार्ट, बाय, लिव्ह लिहा. वाचणारा दुवा देईल.

शंका आली तर

समानार्थी शब्दांच्या यादीतून नवा शब्द थेट उचलू नका. ती यादी फक्त शब्द जवळचे आहेत एवढंच सांगते, बदलून चालतील का ते सांगत नाही. लर्नर्स डिक्शनरी उघडा आणि अर्थाआधी उदाहरणाची वाक्यं वाचा. वहीतही सुटा शब्द न लिहिता तो वाक्यासकट लिहा.

आणखी एक युक्ती फार कामाला येते: विरुद्धार्थी शब्द शोधा. 'उंच'ला टॉल घ्यायचं की हाय? उलट करून बघा. शॉर्ट शोभत असेल तर टॉल, लो शोभत असेल तर हाय. माणूस शॉर्ट असतो, म्हणून उंच माणूस टॉल. भिंत लो असते, म्हणून पन्हाळ्याची तटबंदी हाय. साखर कारखान्याची चिमणी अरुंद आणि सरळ वर गेलेली, ती टॉल. आणि त्याच चिमणीतून निघालेला धूर मात्र हाय जातो.