टेगू चावरा का होतो? विदर्भात पाळणाऱ्यांनी या चुका टाळा

टेगूबद्दल दोन टोकांच्या गोष्टी ऐकू येतात. कुणी म्हणतं, हा सरडा कुत्र्यासारखा माणसाळतो, मालकाला ओळखतो. कुणी म्हणतं, मोठा झाला की बोट फोडतो. एकाच टेगूच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या होऊ शकतात. दोष बहुतेक वेळा रक्तात नसतो. पिंजऱ्यातली उष्णता, खाऊ घालण्याची रीत आणि हात लावण्याची घाई, या तिन्हींत तो सापडतो.

प्रजातीचाही थोडा भाग आहे. अर्जेंटिनाचा काळा-पांढरा टेगू लवकर माणसाळतो. सोनेरी टेगू देखणा, पण बिथरणारा असतो, आणि ‘टेगू म्हणजे चावरा’ ही कीर्ती बरीचशी त्याच्यामुळे पसरली. काळा-पांढरा नर साधारण चार फूट होतो, ४-५ किलो भरतो आणि १५ ते २० वर्षं जगतो. तेव्हा पोराच्या हट्टापायी आणायचं हे जनावर नाही.

घोरपडीला टेगू समजणे

धुऱ्यावर दिसलेली घोरपड ‘आपला देशी टेगू’ म्हणून घरी आणू नका. दोघांची कुळं वेगळी आहेत. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पकडली तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. टेगू परदेशी असला तरी कायद्याबाहेर नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची ४ मध्ये येतो. केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. कागद नसलेलं पिल्लू स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका.

टेगू घोरपडीसारखा दिसतो, म्हणून शेजाऱ्यांना तो आधीच दाखवून ठेवा. गावात घोरपडीची थुंकी विषारी असल्याचा समज अजून आहे, आणि मटणासाठी टपलेलेही असतात. मोकळा सुटलेला टेगू काठीच्या एका फटक्यात जातो.

उन्हाळ्याचा अंदाज चुकणे

टेगूला ऊन लागतं हे ऐकून लोक पिंजरा टिनाच्या छपराखाली ठेवतात. इथेच सर्वांत मोठा घात होतो. त्याला उष्णता हवी ती एका कोपऱ्यात, आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. उन्हाच्या जागेच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५० अंश आणि थंड टोकाच्या हवेचं २४ ते २७ अंश असावं. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टिनाखाली थंड टोकच उरत नाही. जनावर तोंड उघडून धापा टाकतं, सुटायला धडपडतं, हात आला की झडप घालतं. लोक म्हणतात, पिसाळला. तो खरं तर भाजत असतो.

पिंजरा मातीच्या किंवा जाड भिंतीच्या, उत्तरेकडच्या खोलीत ठेवा. मोठ्या टेगूला किमान आठ बाय चार फूट जागा द्या. खोली ३५ अंशांवर गेली की उष्णतेचा बल्ब बंद करा, युव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब मात्र सुरू ठेवा. ट्यूब उजेड देत राहते, पण तिची अतिनील किरणं कमी होत जातात, म्हणून वर्षभरात बदला. कूलर खोलीत लावा, पण त्याचा झोत पिंजऱ्यावर येऊ देऊ नका. ओल्या गार वाऱ्याने छातीचा आजार होतो. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टरवर निदान पंखा चालला पाहिजे.

तळाला फूटभर जाड थर द्या. नारळाच्या सालीचा चुरा आणि लाल माती यांचं मिश्रण चांगलं. कपाशीच्या वावरातली काळी माती घेऊ नका. त्यात फवारणीचं औषध मुरलेलं असतं, शिवाय ती सुकली की दगड आणि ओली झाली की लगदा होते. उन्हाळ्यात थर ओलसर ठेवा. हवा कोरडी राहिली तर कात बोटांना आणि शेपटीच्या टोकाला चिकटून राहते, करकचून आवळते आणि बोट गळून पडतं. अशा दुखऱ्या पायाला हात लावला की चावा बसणारच. २० मिनिटं कोमट पाण्यात बसवून कात मऊ करा, ओढू नका. पावसाळ्यात उलटं होतं. थराला बुरशी आली आणि पोटावर फोड दिसले, तर थर ताबडतोब बदला.

हातानं खाऊ घालणे

बोटांत मांसाचा तुकडा धरून खाऊ घातला, की आठवडाभरात टेगूला हात म्हणजे खाणं असं पक्कं होतं. मग तो बोटांवरच येतो. त्यात राग नसतो, पण जबडा तोच असतो. खाणं भांड्यात द्या, किंवा फूटभर लांब चिमट्याने. एका काडीच्या टोकाला लाल झाकण लावा. टेगूने जिभेने त्याला स्पर्श केला की मगच भांडं पुढे करा. काडी दिसली तरच खाणं, हे त्याला लवकर उमगतं. कोंबडी किंवा मासा हाताळला असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय पिंजऱ्यात घालू नका.

रोज बिनहाडाचं चिकन देऊ नका. त्यात कॅल्शियम नसल्यातच जमा असतं, त्यामुळे हाडं मऊ होतात आणि प्रत्येक स्पर्श दुखतो. कच्चा हाडांसकट खिमा, फार्मची बटेर, उकडलेलं अंडं, छोटे अख्खे मासे असं बदलत द्या आणि वर कॅल्शियम पावडर भुरभुरा. गोदामातला उंदीर कधीच देऊ नका, त्याच्या पोटात झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारायचं विष असू शकतं. फळ म्हणून पपई चालते. संत्री घरची असली तरी टाळा. पिल्लाला रोज आणि मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं.

घाईने, वरून उचलणे

वरून येणारा हात म्हणजे शिकारी पक्षी, हे त्याच्या अंगातच आहे. नवा आणल्यावर पहिले दोन आठवडे हातच लावू नका. घातलेली बनियन त्याच्या बिळाजवळ टाका आणि रोज २० मिनिटं नुसते शेजारी बसा. नंतर हात जमिनीलगत, बाजूने न्या. उचलताना छाती आणि मागचे पाय दोन्ही तोला. शेपटीला धरू नका, ती तुटू शकते.

इशारे ओळखा. फुसफुस आवाज, फुगलेलं अंग, वळलेली शेपटी म्हणजे ‘थांब’. हळूहळू जीभ बाहेर येणं म्हणजे चौकशी. जीभ थांबून नजर हातावर खिळली, की हात मागे घ्या.

थंडीत तो थरात खोल जाऊन झोपतो, अशा टेगूला उकरून काढू नका. दोन-तीन वर्षांचा नर विणीच्या दिवसांत महिनाभर तरी चिडका होतो, आणि मादी अंडी राखते. त्या काळात फक्त खाणं-पाणी द्या, पिंजरा साफ करण्याखेरीज हात आत नको.

चावल्यावर हात हिसकणे

हिसक्याने जखम फाटते. त्याला जमिनीवर टेकवा, तोंडावर पाणी ओता, जबडा सैल होतो. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. टेगू विषारी नाही आणि सरड्यांपासून रेबीज होत नाही. साल्मोनेला (जुलाब-तापाचा जंतुसंसर्ग) मात्र होतो, म्हणून पाच वर्षांखालच्या पोरांना त्याला हात लावू देऊ नका.

सांभाळणं होत नसेल तर नाल्यात सोडू नका. फ्लोरिडात सुटलेले टेगू पक्ष्यांची, मगरींची अंडी फस्त करू लागले. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा आणि नोंदणीचे कागद हाताशी ठेवा.