रब्बीच्या मशागतीआधी ट्रॅक्टरचे डिझेल तपासा: पाणी, गाळ आणि भेसळ

खरिपाची कोळपणी उरकली की बरेच ट्रॅक्टर श्रावण-भाद्रपदात उभेच राहतात, तेही अर्ध्या टाकीवर. दसऱ्याच्या सुमारास नांगर जोडला की तक्रारी सुरू होतात. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, चालू झालाच तर पांढरा धूर टाकतो, लोड आला की दम सोडतो. अशा वेळी पहिला संशय इंजिनाच्या डिझेल पंपावर जातो आणि पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला जातो. तो नीट होऊन येतो आणि त्याच टाकीतल्या पाण्याने पुन्हा बिघडतो. पंपाचे सील तोडणे हे शेवटचे काम आहे, पहिले नव्हे. तपासणी टाकीपासून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे करत न्या.

ही माहिती यांत्रिक इनलाइन किंवा रोटरी पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी आहे. जुन्या डिझेल जीप-पिकअपलाही बहुतेक लागू पडते. २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धूर-प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनांच्या हाय-प्रेशर नळ्या घरी सैल करू नका.

पाणी कुठून येते

अर्धवट टाकीतली दमट हवा रात्री गार होते आणि पत्र्याला आतून दव सुटते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसते. पण दवाचे पाणी तसे थोडेच असते. जास्त पाणी येते ते झाकणातून (रबर फाटलेले, किंवा झाकण हरवले म्हणून बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी) आणि बॅरलमधून. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या २०० लिटरच्या बॅरलच्या माथ्यावर काठाच्या आत पाऊस साचतो. रात्री बॅरल गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. बूच घट्ट दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही.

पाणी महिनाभर तळाशी राहिले की पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. तिची काळपट-तपकिरी, बुळबुळीत साय फिल्टर आठवड्यात चोंदवते. नवा फिल्टर टाकूनही आठ दिवसांत तीच तक्रार आली, तर कारण बहुधा टाकीत असते.

बाटलीची चाचणी

ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा. सकाळी चालू न करता टाकीच्या तळाच्या ड्रेन प्लगमधून, तो नसल्यास फिल्टरखालच्या वाटीतून, अर्धा लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. तासभर हलवू नका. खाली वेगळा थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर ते पाणी. सगळेच गढूळ असेल तर पाणी डिझेलमध्ये घुसळले गेले आहे. एक दिवस थांबून पुन्हा पाहा. तळाशी लालसर कण म्हणजे टाकीचा गंज, काळे धागे-गोळे म्हणजे बुरशी. काही जण डिझेलचा थेंब तापल्या तव्यावर टाकून तडतड ऐकतात. ते करू नका, विशेषतः पेट्रोल मिसळल्याची शंका असेल तेव्हा.

लक्षणांवरूनही बराच अंदाज येतो. आयडलला बरा आणि नांगर टाकला की मरतो, तर फिल्टर चोंदला आहे. दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडतो आणि थोडे थांबल्यावर पुन्हा चालू होतो, तर टाकीच्या तोंडाशी कचरा येऊन बसतो आहे, किंवा झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. झाकण सैल करून चालवून पाहा. चालला तर छिद्र तारेने मोकळे करा. जीपमध्ये टाकी मागे, खाली असते आणि फीड पंप डिझेल वर ओढतो. तिथे चिरलेल्या नळीतून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. फीड पंपाआधी हातभर पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात.

यानंतर टाकीची नळी सोडवून फीड पंपाला स्वच्छ डिझेलचा ५ लिटरचा कॅन जोडा, कॅन इंजिनपेक्षा उंच ठेवा, फिल्टर नवे टाका आणि एअर (नळ्यांत अडकलेली हवा; क्रम पुढे दिला आहे) काढून चालवा. ट्रॅक्टर लोडवर नीट चालला तर दोष टाकी, नळी किंवा जुन्या फिल्टरमध्ये होता. तरीही नाहीच चालला, तर नोझल आणि पंपाकडे वळा.

साफसफाई

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विडी-काडी दूर ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करा, शक्य असल्यास उतरवून घ्या. तोंडाची जाळी आणि आउटलेटची गाळणी काढून धुवा. टाकी २-३ लिटर स्वच्छ डिझेलने हलवून धुवा आणि तळ निथळ येईपर्यंत पुन्हा करा. पेट्रोलने धुऊ नका, आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर मुळीच नको: आतली वाफ स्फोटक असते. पत्रा आतून सोलत असेल तर धुणे वाया जाते, टाकी बदला.

नळीची दोन्ही टोके सोडवा आणि पंपाच्या बाजूने टाकीकडे हवा मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. फीड पंपाची जाळी आणि काचेची वाटी धुवा. कापडी आणि कागदी, दोन्ही फिल्टर एकदमच बदला. कागदी फिल्टर धुऊन परत वापरता येत नाही. धुतला की कागद फाटतो आणि गाळ थेट पंपात जातो. पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि त्याचे नळकांडे यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनच्या आसपास असते, तिथे धुळीचा कणही ओरखडा काढतो. नवा दुय्यम (दुसरा, कागदी) फिल्टर वरून कॅनने भरू नका, हँड प्रायमरनेच (फीड पंपावरच्या हातपंपाने) भरा. बंजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर नवे वापरा.

एअर काढण्याचा क्रम असा: आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्याचा, मग पंपाचा. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत प्रायमर मारा आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळा. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट एक-एक आटा सैल करून सेल्फ मारा, एका वेळी १०-१५ सेकंदच, मध्ये मिनिटभर विश्रांती. नोझलमधून २०० बारच्या आसपास दाबाने फवारा निघतो आणि तो कातडीतून आत शिरतो. म्हणून चालू इंजिनावर गळती बोटाने कधीच तपासू नका, पुठ्ठा धरा.

पाणी पंपापर्यंत गेले असेल तर सेल्फ मारण्याआधी एक गोष्ट बघाच. स्टॉप नॉब आणि अॅक्सिलरेटरचा लिव्हर मोकळा परततो का? गंजाने रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) फुल डिझेलच्या जागी अडकला तर चालू झालेले इंजिन सुसाट पळते आणि नॉब ओढूनही थांबत नाही. तेव्हा थांबवायचा मार्ग म्हणजे हवेचे तोंड लाकडी फळीने बंद करणे. हात किंवा कापड नको. रॅक घट्ट वाटला तर पंप उतरवून टेस्ट बेंचवर पाठवा. इथे तो खर्च योग्य आहे.

डिपस्टिकही बघा. ऑइलची पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय ट्रॅक्टर जुंपू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.

पेट्रोल किंवा रॉकेल

चुकून पेट्रोल भरले गेले तर चालू न करता टाकी रिकामी करा. पेट्रोलने डिझेलचा वंगणपणा जातो आणि पंप कोरडा घासतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी सीलनाही मारक. रॉकेलच्या भेसळीत आवाज कर्कश होतो, ताकद कमी पडते, पंप हळूहळू झिजतो. शंका असेल तर भरतानाच पेट्रोल पंपावर डेन्सिटी (घनता) तपासून मागा. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता तिथे ठेवावाच लागतो. १५ अंश सेल्सिअसवर काढलेली डेन्सिटी पेट्रोल पंपाच्या नोंदीपेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त वेगळी येता कामा नये.

पाणी काढायच्या नावाखाली टाकीत स्पिरिट ओतू नका. ते पाणी तळाशी न राहता पुढे नोझलपर्यंत जाते.

साठवण

बॅरल शेडमध्ये आडवा ठेवा, दोन्ही बुचे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असा, म्हणजे आतून डिझेल टेकून राहते आणि हवा ओढली जात नाही. जस्ताचा मुलामा असलेला पिंप नको. जस्त डिझेलशी संयोग पावून साबणासारखा चिकट थर तयार होतो. भरलेला बॅरल २४ तास निवळू द्या आणि काढताना तळाचे चार बोटे डिझेल राहू द्या. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवा, सकाळी नव्हे. काढलेले घाण डिझेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये निवळू द्या आणि वरचे स्वच्छ डिझेल पुर्जे धुण्यापुरते वापरा. पेट्रोल-रॉकेल मिसळलेले मात्र त्यालाही नको.