ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेज फुटबॉल संघाचा सीझन कसा आखायचा

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीच्या असतात. पहिल्या सामन्यात हरलं की त्या वर्षापुरता विषय संपला. त्यात आपल्याकडे पावसाळा आणि सरावाचे महिने एकच, मैदान बहुधा भाड्याचं किंवा पालिकेचं, आणि दिवाळीच्या आगेमागे सेमिस्टर परीक्षा. म्हणून आखणी उलटीकडून करायची. स्पर्धेची अंदाजे तारीख जिमखान्यात (कॉलेजच्या क्रीडा विभागात) विचारून घ्या आणि तिथून मागे दहा आठवडे मोजा. तिथे सराव सुरू झाला पाहिजे. परिपत्रक नोटीस बोर्डावर लागल्यावर जागे होणारे संघ तीन-चार आठवड्यांच्या दमावर उतरतात आणि साठाव्या मिनिटानंतर त्यांचे पाय उचलत नाहीत.

कागद आधी

ट्रायलला आलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारायचा तो पोझिशनचा नाही, वर्गाचा. अकरावी-बारावीची मुलं त्याच इमारतीत शिकत असली तरी त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या. विद्यापीठाच्या स्पर्धेत फक्त सीनियर कॉलेजची मुलं. हे माहीत नसल्यामुळे एखादा चांगला बारावीचा विंगर (कडेने चढाई करणारा) आठवडाभर संघाबरोबर खेळतो आणि फॉर्म भरताना बाहेर जातो. त्याचा वेळ जातो आणि तुमची रचनाही बिघडते.

निवड झाली की प्रत्येकाची एक प्लास्टिक फोल्डर करा: बोनाफाइड, दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत, चार पासपोर्ट फोटो. एटीकेटी (मागच्या वर्षाचे विषय राहिलेले) असलेला, मध्ये वर्ष गेलेला, दुसऱ्या विद्यापीठातून आलेला, असा कोणी असेल तर त्याचं प्रकरण जिमखान्याच्या सरांकडे जुलैमध्येच न्या. पात्रतेचे नियम आणि वयोमर्यादा त्या वर्षीच्या परिपत्रकातूनच वाचा, मागच्या कॅप्टनच्या आठवणीवर जाऊ नका. प्राचार्यांची सही आणि शिक्का लागणारा फॉर्म शेवटच्या तारखेच्या निदान चार दिवस आधी ऑफिसात गेला पाहिजे, कारण गणपतीच्या सुट्ट्या नेमक्या मध्ये येतात.

ट्रायल आणि संख्या

सरावासाठी २२ ते २४ मुलं ठेवा. त्यात गोलकीपर तीन. दोन पुरतात असं वाटतं, पण एकाचं बोट मुरगळलं आणि दुसऱ्याची प्रॅक्टिकल परीक्षा लागली की काय होतं ते तेव्हाच कळतं. ट्रायल तीन दिवसांची घ्या. पहिल्या दिवशी ३० बाय २० मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध चार: तिथे लपायला जागा नसते, पहिला टच आणि बॉल गेल्यावर मुलगा मागे धावतो की नाही हे दहा मिनिटांत दिसतं. दुसऱ्या दिवशी धावणं, तिसऱ्या दिवशी पूर्ण मैदानावर सामना. ट्रिक दाखवणाऱ्या मुलावर नजर जातेच, पण बॉल नसताना कोण कुठे उभा राहतो हे लिहून काढा.

वेळ ठरवणं हे आपल्याकडचं खरं कोडं आहे. कॉमर्सची लेक्चर सकाळी सातला सुरू होतात, सायन्स आणि इंजिनिअरिंगची प्रॅक्टिकल दुपारी उशिरापर्यंत चालतात. सगळे एकत्र येतील असे आठवड्याचे तीन दिवस शोधा आणि प्रत्येकी ७५ ते ९० मिनिटं धरा. सहा दिवस ठेवून निम्मीच मुलं येण्यापेक्षा तीन दिवस पूर्ण हजेरी कितीतरी चांगली.

मैदान

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. त्याच शहरात कॉलेजच्या संघाला पूर्ण मापाचं मैदान आठवड्यातून एकदा मिळवायलाही धडपड करावी लागते, आणि ती करायलाच हवी. तासावर मिळणारी फाइव्ह-अ-साइड टर्फ उपयोगी आहे, पण मर्यादित. तिथे छोटे पास, दबाव टाकणं, दोन टचमध्ये खेळणं उत्तम होतं. ८ बाय ८ मीटरमध्ये चौघांनी बॉल फिरवायचा आणि मधल्या दोघांनी तो काढायचा, हे तिथेच करा. पण ऑफसाइडची लाइन, क्रॉस, कॉर्नर आणि लांब पास टर्फवर शिकता येत नाहीत. फक्त टर्फवर तयार झालेल्या संघाचे डिफेंडर मोठ्या मैदानावर एकमेकांपासून फार लांब उभे राहतात, कारण त्यांना अंतराचा अंदाजच नसतो.

मोठ्या मैदानावर रेषा नसल्या तर स्वतः आखा. १६.५ मीटरची न ताणणारी नायलॉनची दोरी घ्या. एका टोकाला खुंटी, तिथून मोजून ५.५, ९.१५ आणि ११ मीटरवर गाठी, आणि दुसरं टोक १६.५ वर. गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून बाजूला १६.५ आणि मैदानात १६.५ मोजलं की पेनल्टी एरिया. ५.५ च्या गाठीने तसंच छोटा एरिया. गोलच्या मध्यापासून ११ वर पेनल्टीचा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर खुंटी ठोकून ९.१५ ची गाठ फिरवली की बाहेरचा 'डी'. मधलं वर्तुळही त्याच गाठीने. फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) सकाळच्या दवावर किंवा जरा ओलसर जमिनीवर मारा, कोरड्या मुरुमावर ती वाऱ्याने उडते. जोराच्या पावसात फक्की वाहून जाते, तेव्हा रेषेच्या जागी चपटे कोन लावा. गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ आहे का तेही एकदा मोजा. पालिकेच्या मैदानांवर वर्षानुवर्षं भर पडून आडवा बार खाली आलेला असतो आणि गोलकीपरला खोट्या उंचीची सवय लागते.

सामान

दोन मुलांमागे एक बॉल, म्हणजे बारा. पाच नंबरचाच हवा: घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. बिब (संघ ओळखायला जर्सीवरून घालायची बिनबाह्यांची बंडी) दोन रंगांचे बारा-बारा, कोन तीस, पंप एक, हवा भरायच्या निडल सहा. निडल नेहमी ओली करून सरळ आत घाला. कोरडी, तिरकी घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो आणि नवा बॉल दोन दिवसांत बसतो. सुरुवातीला सगळ्यात जास्त बॉल असेच वाया जातात. नियमाप्रमाणे हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआयमध्ये हवा. 

बुटांचं मुलांना नीट सांगावं लागतं. कडक मुरुमावर लांब स्टडचे बूट घातले की सगळं वजन चार-सहा टोकांवर येतं आणि टाच, पोटरी दुखायला लागते. तिथे बुटके, जास्त संख्येचे रबरी स्टड. लांब स्टड चिखलातच. पावसात भिजलेल्या बुटातला इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवले तर सोलचा गोंद सुटतो. गोलकीपरचे ग्लोव्हज सामन्याआधी हलके ओले करा, लॅटेक्स ओलसर असताना पकड चांगली देतं. त्यांनाही ऊन नको.

पाऊस आणि दम

पहिले तीन आठवडे दम, पुढचे चार आठवडे दम आणि रचना एकत्र, शेवटचे तीन आठवडे सराव सामने. दम मोजायला यो-यो टेस्ट घ्या: २० मीटरवर दोन कोन, सुरुवातीच्या रेषेमागे ५ मीटरची विश्रांतीची पट्टी, मोबाइलवर बीपची फाइल, तिच्या तालावर कोन गाठता येईनासा होईपर्यंत धावायचं. प्रत्येक जाण्या-येण्यानंतर दहा सेकंद. पहिल्या, पाचव्या आणि नवव्या आठवड्यात, आणि तीनही वेळा एकाच पृष्ठभागावर. पहिली टेस्ट टर्फवर आणि दुसरी चिखलात घेतली तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

वॉर्मअपसाठी फिफाचा '११+' कार्यक्रम वापरा. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम: आधी हलकं धावणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगाने धावणं. तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये दुखापती स्पष्टपणे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यातला गुडघ्यावर बसून सावकाश पुढे झुकण्याचा मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम मुलं टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी दुखतं. तीन ते पाच वेळांपासून सुरू करा आणि टाळू देऊ नका. हॅमस्ट्रिंग (हाच मांडीमागचा स्नायू) गेलेला मुलगा काही आठवडे बाहेर, म्हणजे बाद स्पर्धेत बहुधा सीझनच गेला.

विजांचा कडकडाट ऐकू आला की मैदान सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरू नका. नुसता पाऊस असेल तर खेळा, पण खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यात नाही. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. सराव संपला की साबणाने पाय धुणं सक्तीचं करा. नंतर कोणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'साचलेल्या पाण्यात खेळलो होतो' हे आवर्जून सांगायला लावा.

ऑक्टोबरचा उकाडा वेगळा त्रास देतो. हवा दमट असल्यामुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितकं घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत पोटात जायला हवं, म्हणजे एक किलोमागे दीड लिटर. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. बाटली अर्ध्या लिटरची आहे म्हणून त्यातच पुडी ओतली तर पाणी दुप्पट खारट होतं, पोट बिघडतं.

सामन्याचा दिवस

सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात, पोहे किंवा पोळी-भाजी, आणि सुमारे अर्धा लिटर पाणी. वडापाव आणि मिसळ सामन्यानंतर. तासभर आधी एक केळं. सामना रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) पाहा. ट्रान्सहार्बर बंद आहे हे ठाणे स्टेशनवर पोहोचल्यावर कळलं तर वाशीला वेळेवर पोहोचणं कठीण आणि वॉकओव्हर (न खेळताच समोरच्यांचा विजय) सोपा. सगळ्यांनी एकत्र निघायचं, किट दोघांमध्ये वाटलेलं, मूळ ओळखपत्रं एकाच जबाबदार मुलाकडे.

पोहोचल्यावर कॅप्टन आणि कोचने मैदानावर फिरून बॉल टाकून बघायचा. जिथे पाणी धरलंय तिथे जमिनीवरचा पास अडकतो, तिथून बॉल उचलूनच काढा आणि आपल्या गोलसमोर ती जागा असेल तर गोलकीपरकडे मागे पास बंद. शिनगार्डशिवाय रेफरी उतरू देत नाही. जर्सीखाली घातलेल्या बनियनच्या बाह्या जर्सीच्याच रंगाच्या हव्यात, यावरून ऐनवेळी कपडे काढायला लागतात. २०२५ मध्ये बदललेला नियम गोलकीपरला घोटवून घ्या: बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. पावसात वेळ काढण्याची जुनी सवय आता महागात पडते.

डोक्याला मार लागून मुलगा गोंधळला, चक्कर आली, तर त्या दिवशी तो परत खेळणार नाही. यावर मैदानात चर्चा नको, तो कितीही विनवू दे.

बाद सामना बरोबरीत गेला की पेनल्टी, म्हणून त्यांचा सराव शेवटच्या तीन आठवड्यांत प्रत्येक सत्राच्या अखेरीस, मुलं दमलेली असताना. मध्यापासून एकट्याने चालत जायचं, बॉल स्वतः ठेवायचा, बाकीच्यांनी वर्तुळात उभं राहायचं. दहा किकनंतरचा हिशेब लिहून ठेवा आणि त्यावरून क्रम लावा, हौसेवरून नाही. सामना संपताना मैदानात असलेलेच किक घेऊ शकतात, त्यामुळे पहिले दोन नेमबाज पंच्याऐंशीव्या मिनिटाला बदलू नका. गोलकीपरचा निदान एक पाय किक बसेपर्यंत रेषेवर किंवा रेषेच्या मागे हवा.

हरल्यानंतरचे महिने

पहिल्या फेरीत बाहेर गेलात तरी जानेवारी ते मार्च रिकामे सोडू नका. हवा चांगली असते, मैदानं कोरडी असतात, शेजारच्या कॉलेजांशी सामने ठरवता येतात. या काळात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना खेळवा. तिसऱ्या वर्षाचा गोलकीपर आणि सेंटर-बॅक (मधला डिफेंडर) जूनमध्ये नसणार, त्यांच्या जागी कोण हे आत्ताच ठरायला हवं. स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येकाचं प्रमाणपत्र जिमखान्यातून घ्या, खेळाच्या वाढीव गुणांसाठी अर्ज करताना ते लागतं. मार्चमध्ये बॉल, बिब, जाळ्या मोजून यादी पुढच्या कॅप्टनला द्या, सोबत मैदान बुकिंगच्या खिडकीची वेळ आणि ज्या कॉलेजांनी सराव सामन्याला होकार दिला त्यांच्या जिमखान्यांची नावं.