सल्ला वरचा, म्हणजे देवाकडचा, की जगाचा, कसे पारखाल?

हिशेब मांडला की जगाचे शहाणपण आणि डोळे मिटून उडी घेतली की विश्वास, अशी समजूत बऱ्याच ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांत असते. पारख चुकते ती इथेच. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे येशूनेच सांगितले आहे (लूक 14:28). प्रेषित पौलाने जगाच्या ज्ञानाला मूर्खपण म्हटले (1 करिंथ 3:19), ते 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' म्हणत शिक्षकांच्या नावाने गट पाडणाऱ्यांच्या फुशारकीला.

समोरचा प्रश्न आधी एका वाक्यात कागदावर लिहा. उदाहरणार्थ, 'भावाकडे मालमत्तेत वाटा मागावा का?' खाली दोन प्रश्नांची उत्तरे लिहा: यातून मला काय हवे आहे आणि कोणाची जिरवायची आहे? दुसऱ्यापाशी नाव सुचले तर पुढे जाण्याची घाई नको. मत्सर आणि तट पाडण्याची वृत्ती मनात असताना ज्ञानाची बढाई मारू नका, असे याकोबाच्या पत्रातील वचन (याकोब 3:14) बजावते. वाटणीचा हाच प्रश्न एकाने येशूपुढे मांडला, तेव्हा त्याला लोभाविषयी सावध केले गेले (लूक 12:13-15).

मग याकोब 3:17 उघडा. वरून येणारे ज्ञान तिथे शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगे, दया व सत्फलांनी पूर्ण, अपक्षपाती आणि निर्दंभ म्हटले आहे. 'शुद्ध' पहिले आहे, हे विसरू नका. शांततेसाठी खोटा हिशेब झाकणारा तिथेच अडकतो. पण रोजच्या व्यवहारात सर्वांत कामाची कसोटी 'समजूत होण्याजोगे' हीच. विरोधी मत शेवटपर्यंत ऐकून घेता येते का? 'देवाने मला सांगितले' म्हणून चर्चा बंद पाडणारा इथे नापास होतो, मग त्याची भाषा कितीही भक्तीची असो.

सल्ला दोघातिघांचा घ्या. त्यात तुमचे म्हणणे खोडून काढणारा एक तरी हवा. शलमोन राजाचा मुलगा रहबाम याने गादीवर येताना वडीलधाऱ्यांना विचारले खरे, पण ऐकले सोबत वाढलेल्या तरुणांचे, आणि राज्याचा मोठा भाग हातचा गेला (1 राजे 12).

प्रार्थना काय मागता, तेही तपासा. शलमोनाने न्याय करण्यासाठी समंजस मन मागितले, शत्रूंचा नाश नव्हे (1 राजे 3:9-11). 'योग्य काय ते कळू दे' आणि 'माझी बाजू वर राहू दे' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पवित्र शास्त्र कुठेही उघडून सापडेल ते वचन उत्तर मानू नका. संदर्भ सुटला की कोणतेही वचन सोयीचे होते. आणि मन कोरडे, खचलेले असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा 16व्या शतकातील ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम पाळण्यासारखा आहे.

निर्णयानंतर विरोध झाला, एवढ्यावरून तो चुकला असे ठरत नाही. विरोध येशूलाही झाला. पाहायचे ते स्वतःच्या तोंडाकडे. टोमणे आणि कुजबुज सुरू झाली असेल तर आधी माफी मागा, मग निर्णय पुन्हा तपासा.