क्लबच्या लॉजवर राहायचं तर आधी बुखारी पेटवायला शिका

दिवाळीनंतर हिमाचलात क्लबच्या लाकडी लॉजवर राहायला जाणारे इंदूरकर मला एकच विचारतात, "जॅकेट कुठलं घेऊ?" कुठलंही घ्या. स्लीपिंग बॅग स्वतःची न्या, कारण तिथली रजई किती जणांनी पांघरली आहे हे न विचारलेलं बरं. बुकिंग सभासदाच्या नावावर करा. मालवा एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरा, पुढे बस, मग जीप, आणि शेवटचा चढ सामान पाठीवर घेऊन.

स्वयंपाक आपला आपणच करायचा असतो. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, लॉज अडीच हजारांवर. तिथे पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तुरीची डाळ लवकर शिजता शिजत नाही. कुकर न्या, नाहीतर मुगावर भागवा. जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव असली की पोह्यांची चिंता नाही.

आता बुखारी. म्हणजे खोलीतली लोखंडी शेगडी, जिचा नळ छतातून बाहेर जातो. हिमाचलात तिला तंदूर म्हणतात, त्यामुळे चौकीदाराने "तंदूर जला लो" म्हटलं की पोळ्या शोधू नका.

पहिल्या वर्षी मी लाकडं ठासून भरली, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. पाच मिनिटांत खोलीभर धूर. रात्री एक वाजता आम्ही आठ जण व्हरांड्यात डोळे पुसत उभे, आणि आत्या म्हणाली, "चूल कधी पाहिली नाहीस का गं?" रॉकेल विसरा. भडका उडतो, भुवया जातात आणि लाकूड काही पेटत नाही.

खरी अडचण नळात असते. तो गार असला की आतली थंड, जड हवा खाली बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही. म्हणून आधी नळाची झडप आणि राखेचं दार पूर्ण उघडा. वर्तमानपत्राचा घट्ट पिळा पेटवून झाकणातून नळाच्या तोंडाशी धरा. आधी धूर तुमच्याच तोंडावर येईल. थांबा. मग एकदम "भुर्र" आवाज होऊन ज्वाळा वर ओढली जाते. हा आवाज ऐकल्याशिवाय एकही काडी आत टाकू नका.

त्यानंतर राळ असलेल्या चिडाच्या बोटभर जाडीच्या ढलप्या, मग मनगटाएवढी लाकडं, ओंडका सगळ्यात शेवटी. लाकडावर लाकूड आपटून बघा. सुकं खणखणतं, ओलं थपथपतं. ओल्या लाकडाच्या टोकाला फेस येतो आणि नळात काजळी धरते, ती पुढे कधीतरी नळातच पेटते.

निखारे झाले की झडप अर्धी लावा. "ऊब टिकेल" म्हणून पूर्ण लावणारा एक तरी शहाणा प्रत्येक गटात असतो, त्याला झडपेपासून लांब बसवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी दोन बोटं उघडी हवीच, थंडी वाजली तरी. डोकं जड झालं, मळमळलं, तर ती उंची लागली म्हणून पांघरुणात शिरू नका, सगळ्यांना उठवून बाहेर काढा. झोपण्याआधी आग विझू द्या. आणि कोळशाची सिगडी खोलीत? मुळीच नाही.

मोजे नळाला टेकवून वाळवू नका. माझा एक जोड तिथेच चिकटून राहिला आहे.

निघायच्या दिवशी पाळीप्रमाणे झाडू, भांडी, आणि बादल्या उपड्या, नाहीतर रात्री पाणी गोठून तडकतात. कचरा खाली घेऊन या; 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या गावाचे लोक दरीत पाकिटं भिरकावतात हे बघवत नाही. राख पत्र्याच्या डब्यातच टाका, कारण तिच्यात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. शेवटी ढलप्यांची एक मोळी फोडून बुखारीशेजारी ठेवा. पुढचे लोक बहुधा अंधारातच पोचतात.