ट्रॉलीवर पाण्याची टाकी बसवताय? या चुका टाळा

भात निघालं की मुरबाड-शहापूरकडे खाचरात भेंडी, काकडी लागते. पुढे ओढा आटतो आणि ट्रॉलीवर टाकी बांधायची घाई सुरू होते. चुका होतात त्या या घाईतच.

हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच एक टन. वर टाकी, सांगाडा, पंप. तेव्हा टाकी एक्सल-टायरला झेपेल एवढीच घ्या आणि एक्सलच्या किंचित पुढे बसवा. मागे सरकली तर चढावर हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात. अर्धी टाकी तर भरलेल्या टाकीहून वाईट, वळणावर पाणी हिंदकळून ट्रॉली ओढतं. आत आडवे पडदे नसतील तर भरूनच न्या.

कारखान्यांच्या पट्ट्यातून भंगारात येणारी पिंजऱ्यातली पांढरी टाकी स्वस्त पडते. आधी त्यात काय होतं ते कळलं नाही, तर फुकटही नको. धुतल्यावर वास जातो, रसायन जातंच असं नाही.

खरी डोकेदुखी पंपाची. माझा पंप दोन दिवस पाणी उचलेना. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, दोष भलतीकडेच. सक्शन पाइप, म्हणजे पाणी ओढणारा, वरपर्यंत पाण्याने भरला तेव्हा क्लॅम्पखालून थेंब गळताना दिसले. जिथून पाणी गळतं, तिथूनच पंप हवा ओढतो! म्हणून आधी सक्शन तपासा, इंजिन नंतर. सक्शनला कडक, कड्यांचाच पाइप हवा. डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी पुढे सोडणारा, चपटा पाइप ओढीने चिकटून बसतो. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गाळात रुतू नये म्हणून रिकाम्या कॅनला बांधून तरंगता ठेवा. पाणी सहा-सात मीटरपेक्षा खोल असेल तर जास्त हॉर्सपॉवरचा पंप आणूनही उपयोग नाही, ट्रॉलीच पाण्याजवळ खाली न्यावी लागते. आणि कोरडा चालवाल तर सील जळालंच समजा.

टाकीच्या झाकणाला हवेचं भोक ठेवा, नाहीतर पंप ओढताना टाकी आत चेपते.

ठिबकला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. दीड मीटर उंचीवरची टाकी जेमतेम ०.१५ किलो देते, तिथे पंप आणि फिल्टर हवाच.

ट्रॅक्टर सोडवण्याआधी चाकांना दगड लावा, हुकाखाली टेकू द्या.